मेकअपचे काम ‘मुलींना मिळत नाही’ ही समजूत

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागांतील मराठी घरांत आजही मुलींना सांगितले जाते की, चित्रपटसृष्टीत बायकांनी केशरचना करावी, मेकअप पुरुषांकडेच असतो आणि मेकअप कलाकारांच्या संघटनेच्या सभासदत्वासाठी पाच वर्षे महाराष्ट्रात राहिलेले असावे लागते. मुंबईच्या या संघटनेचे नियम आणि वहिवाट खरोखरच तशी होती (इतकी वर्षे ती खपवून घेतली गेली, हे नवलच). मात्र मेकअप कलाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ते नियम रद्दबातल ठरवले. तेव्हा मेकअपच्या कामासाठी मुलाखतीची तयारी करताना रहिवासाच्या दाखल्याची चिंता सोडून हाताच्या सवयींकडे पाहावे: प्रत्यक्ष चाचणीत लिपस्टिक थेट ओठांवर टेकवली, की स्पॅट्युलाने (छोट्या चपट्या पट्टीने) पॅलेटवर काढून स्वच्छ ब्रशने लावली, हे जाणकाराच्या लगेच लक्षात येते.