प्रोव्होक : इंग्रजी क्रियापद आणि त्याचे उर्दू पर्याय

प्रोव्होक हे इंग्रजीतील सकर्मक क्रियापद असून, एरवी शांत असलेल्या माणसाकडून, जनावराकडून किंवा जमावाकडून प्रतिक्रिया उमटेल असे काही बोलणे अथवा करणे, हा त्याचा अर्थ होय. ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा रागाची असते; पण ती हसू, वाद, कुतूहल किंवा विचार या रूपातही येऊ शकते. उर्दू भाषकाची अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण या क्रियापदासाठी त्याला सहज सुचणारा ‘इश्तिआल दिलाना’ हा पर्याय रागाच्या पलीकडे जात नाही.

दोन्ही शब्दांची कुळे पाहिली की हा फरक उलगडतो. प्रोव्होक हा शब्द लॅटिन ‘प्रोव्होकारे’वरून आला, ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणे. रोमन प्रजासत्ताकात अधिकाऱ्याने फर्मावलेल्या शिक्षेविरुद्ध थेट जनतेकडे दाद मागण्याच्या नागरिकाच्या हक्काला ‘प्रोव्होकातिओ’ म्हणत, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. याउलट इश्तिआल हा अरबी शब्द पेटण्याचा आहे. ‘शोला’ त्याच धातूतून निघाला आणि मराठीत घरचा झालेला ‘मशाल’ हा शब्दही त्याच कुळातला. एका शब्दाच्या पोटात हाक आहे, तर दुसऱ्याच्या पोटात आग. त्यामुळे दुसरा पहिल्याची जागा अर्धीच भरून काढतो.

रागाच्या अर्थछटेतही उर्दूला एका शब्दावर भागवता येत नाही. जमावाच्या बाबतीत ‘मुश्तइल करना’ किंवा ‘भडकाना’, एकट्या माणसाच्या बाबतीत ‘तैश दिलाना’, गुन्ह्याकडे ढकलण्यासाठी ‘उकसाना’ आणि खोडी काढण्यासाठी ‘छेडना’ असे वेगवेगळे शब्द योजावे लागतात. फाटकावर ‘डोन्ट प्रोव्होक द डॉग’ अशी पाटी असेल, तर तिचे उर्दू ‘कुत्ते को मत छेडो’ एवढेच होईल. तिथे ‘इश्तिआल न दिलाएँ’ असे लिहिले, तर कुत्र्यासमोर जाहीर सभा भरल्यासारखे वाटेल. कारण इश्तिआल हा शब्द वृत्तपत्राच्या आणि पोलीस ठाण्याच्या भाषेत मुरलेला आहे. प्रक्षोभक भाषणाला तिथे ‘इश्तिआल-अंगेज तकरीर’ म्हणतात.

याच शब्दप्रयोगातला ‘अंगेज’ हा तुकडा मात्र प्रोव्होकच्या मूळ अर्थाच्या बराच जवळचा आहे. फारसी ‘अंगेख्तन’ म्हणजे ढवळून वर आणणे, जागे करणे. ‘हैरत-अंगेज’ म्हणजे थक्क करणारे, ‘शर-अंगेज’ म्हणजे कुरापतखोर, आणि ‘फिक्र-अंगेज’ म्हणजे विचाराला चालना देणारे. इंग्रजीतील ‘थॉट-प्रोव्होकिंग’ला हा शेवटचा शब्द अगदी चपखल बसतो. काय जागे होते हे आधीचे पद सांगते आणि ‘अंगेज’ स्वतः तटस्थ राहते. शिकवताना इश्तिआलऐवजी इथून सुरुवात केली, तर पुढचा पुष्कळ घोळ टळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाक्यरचनेचाही प्रश्न आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तू या क्रियापदाची कर्ता सहज होते; ‘द स्टेटमेंट प्रोव्होक्ड अँगर’ हे साधे वाक्य आहे. बोलत्या उर्दूत विधानाला कर्तेपण देण्याऐवजी ‘बयान पर शदीद रद्द-ए-अमल सामने आया’ (विधानावर तीव्र प्रतिक्रिया उमटली) किंवा ‘गम-ओ-गुस्से की लहर दौड गई’ असे म्हणण्याकडे कल असतो. तेव्हा इंग्रजी कर्ता उर्दूत ‘पर’ हे परसर्ग घेऊन बाजूला सरकतो. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर इथेच फसते.

‘इन्साइट’ (incite, म्हणजे दुसऱ्याला भर देणे) या जवळच्या क्रियापदाशी होणारी गल्लतही नेहमीची आहे. इन्साइट करणारा दुसऱ्याला तिसऱ्यावर सोडतो. प्रोव्होक करणाऱ्यावर मात्र पुष्कळदा स्वतःच मार खाण्याची पाळी येते. उर्दूत दोन्हींसाठी ‘उकसाना’ चालून जाते. मराठीत ‘चिथावणे’ आणि ‘डिवचणे’ हे दोन शब्द ही वाटणी बऱ्यापैकी सांभाळतात, म्हणून मालेगाव किंवा भिवंडीच्या उर्दू शाळेत मराठीही शिकणाऱ्या मुलाला हा भेद मराठीतून लवकर समजावता येतो.

उच्चारात आघात दुसऱ्या शब्दावयवावर, म्हणजे ‘व्होक’वर, पडतो. उर्दू लिपीत ‘व’ आणि ‘ओ’ या दोन्हींसाठी वाव हे एकच अक्षर असल्यामुळे हा शब्द लिहिताना दोन वाव लागोपाठ येतात आणि नवखा वाचक तिथे अडखळतो.

कायद्यात या शब्दाचे वजन सर्वाधिक आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, म्हणजे गंभीर आणि अचानक झालेला प्रक्षोभ, हा खुनाच्या व्याख्येला अपवाद होता. संहितेच्या ‘ताजीरात-ए-हिंद’ या उर्दू भाषांतरात उर्दू कादंबरीकार डेप्युटी नजीर अहमद यांचा सहभाग होता. कायद्याच्या उर्दूत या कल्पनेसाठी ‘इश्तिआल-ए-तबअ’ असा शब्दप्रयोग आढळतो. त्यात ‘तबअ’ म्हणजे स्वभाव किंवा चित्तवृत्ती. अपवादातील ‘अचानक’ या अटीचा कस मुंबईतल्या नानावटी खटल्यात लागला. नौदल अधिकारी कावस नानावटी २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले, त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्वर घेतले आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. मधल्या वेळात मनावर ताबा मिळवायला पुरेशी सवड होती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये प्रक्षोभाचा बचाव फेटाळला आणि जन्मठेप कायम केली. पाकिस्तानात हीच संहिता ‘ताजीरात-ए-पाकिस्तान’ या नावाने चालू राहिली, पण किसास (जशास तशी शिक्षा) व दियत (मृताच्या वारसांना द्यायची भरपाई) यांविषयीच्या १९९०च्या अध्यादेशाने तिच्यातून हा अपवाद गेला. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये तो अजून आहे.