विंचवाची पिल्ले आईला खात नाहीत

पाठीवर पांढुरकी पिल्ले घेतलेल्या मादी विंचवाचा फोटो दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतो. सोबत मजकूर असतो : ही पिल्ले आईचे मांस खाऊन वाढतात, ती मुकाट सोसत मरते. हे साफ खोटे आहे.

विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले जन्मतात. मादी पुढचे पाय दुमडून त्यांना झेलते आणि ती पाठीवर चढतात. जन्मतः ती इतकी मऊ असतात की शिकार फाडणे त्यांना शक्यच नसते. शरीरात साठलेल्या अन्नावर ती तगतात. पहिली कात टाकली की काही दिवसांत खाली उतरून वेगळी होतात. मादी जिवंत राहते, पुन्हा वितेही. उलट उपासमार झाली तर कधी तीच एखादे पिल्लू खाते.

आईला खाणारी पिल्ले आहेत, पण ती कोळ्यांत. भारतात झुडपांवर वसाहती करून राहणाऱ्या स्टेगोडायफस जातीच्या कोळ्यांत मादी आधी तोंडातून द्रव अन्न भरवते. तिच्या शरीरातले अवयव हळूहळू विरघळू लागतात आणि शेवटी पिल्ले तिलाच शोषून घेतात. त्या फोटोखालचा मजकूर शोभतो तो या कोळिणीला.