आवाज फाटतो, तो बिघाड नव्हे : शिकागो ब्लूजबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

वॉल्व्हचा अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, वाद्याचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, घरी नेलेले ग्राहक कधी कधी दुसऱ्याच दिवशी फोन करतात, "आवाज फाटतोय हो!" अँप परत आणायच्या आधी एक बघा. आवाज फक्त मोठा केल्यावरच फाटतो का? तसं असेल, तर हाच फाटका आवाज १९५०च्या आसपास शिकागोतल्या वादकांना जीव की प्राण होता.

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गायला एक माणूस आणि एक साधी गिटार पुरे व्हायची. मग कामाच्या आणि जरा मानाने जगण्याच्या आशेने लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेला निघाली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाड्या त्यांना थेट शिकागोत आणून सोडत. १९४३ साली गायक-गिटारवादक मडी वॉटर्सही तिथे पोचला. पण भरलेल्या बारमधल्या गलक्यात लाकडी गिटार कोणाला ऐकू जाणार? त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. १९४८ची त्याची 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' जरूर ऐका. त्यात गिटार आणि बास, एवढीच वाद्यं आहेत. चाल गावाकडचीच, फक्त तारांवरून सरकणाऱ्या स्लाइडला (बोटात घातलेल्या नळीला) विजेची धार आली आहे.

पुढे पियानो आणि ड्रम्स आले, विली डिक्सनचा भरदार बास आला, शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्ड निघू लागल्या. पण आमच्या मते या शैलीचा खरा चमत्कार माउथ ऑर्गन आहे. माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर माइक आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत घट्ट धरायचा. हवा कोंडली की स्वर जाड होतो, माइकला आवाजाचा जोरदार धक्का बसतो. अँपच्या वॉल्व्हला तो पेलत नाही, ध्वनिलहरींची टोकं कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. हातभर वाद्यसुद्धा नाही, पण ऐकताना सॅक्सोफोन वाटावा! त्याची 'ज्यूक' ही धून १९५२ मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे पहिली होती.

माउथ ऑर्गन घ्यायला येताना गाण्याची पट्टी सांगा. गाणं पांढरी तीनमध्ये असेल, तर आम्ही पांढरी सहाचा, दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन देऊ. चूक झाली असं समजू नका. ब्लूजमध्ये मुख्य स्वर फुंकून नव्हे, श्वास आत ओढून काढतात, आणि ओढतानाच खालच्या छिद्रांवर स्वर वाकवता येतो, आपल्या उतरत्या मींडेसारखा. पहिले काही आठवडे तो वाकणार नाही. जोर लावू नका, पत्ती खराब होते. जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी मोठी करून बघा.

आणि अँप अगदी हळू आवाजातही खरखरत असेल, तर मात्र तो ब्लूज नाही. बंद करा आणि दुकानात घेऊन या. झाकण घरी उघडू नका, वॉल्व्हच्या अँपमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक विजेचा साठा राहू शकतो.