नॅशनल क्रिप्टोलॉजिक म्युझियममधील युद्धकालीन कूटयंत्रे

अमेरिकेतील मेरिलँड राज्यात फोर्ट मीड येथे, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या (एनएसए) मुख्यालयालगत, एका जुन्या मोटेलच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. डिसेंबर १९९३ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. दुसऱ्या महायुद्धातील कूटयंत्रे हा त्याच्या संग्रहाचा गाभा होय. त्यांपैकी कोणती यंत्रे मुबलक उरली आणि कोणती जेमतेम, हे बव्हंशी युद्ध संपताना त्यांच्या मालकांनी त्यांचे काय केले यावर ठरले.

जर्मन सैन्याचे एनिग्मा यंत्र सर्वांत परिचित आहे. आर्थर शेर्बियस याने १९१८ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर व्यापारी ग्राहक होते. प्रेक्षकांना स्वतः कळा दाबून पाहता येणारा एनिग्मा ही या संग्रहालयाची खासियत आहे. कळ दाबताच, अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या चक्रांपैकी उजवीकडचे चक्र एक घर पुढे सरकते. विद्युतप्रवाह दर्शनी फळीवरील तारांच्या जोडण्यांतून आणि तीन चक्रांतून परावर्तकापर्यंत जातो, वेगळ्या वाटेने परततो आणि दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो. परावर्तकामुळे एकाच मांडणीवर संदेश कूटबद्धही करता येतो आणि उलगडताही येतो. मात्र ही सोय महागात पडली, कारण तिच्यामुळे कोणतेही अक्षर कधीच स्वतःसाठी उमटत नाही. हवामानाच्या अहवालातील एखादा ठरावीक शब्द कूटसंदेशाखाली सरकवत जायचे आणि जिथे वरखाली एकच अक्षर येईल ती जागा बाद करायची, अशी चाळणी उलगडणाऱ्यांना त्यातून मिळाली.

१ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्या चार चक्रांचा एनिग्मा वापरू लागल्या आणि सुमारे दहा महिने त्यांचे संदेश दोस्त राष्ट्रांना वाचता आले नाहीत. त्यावर तोड म्हणून ओहायोतील डेटन येथे, दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत जोसेफ डेश याच्या देखरेखीखाली एनिग्माची मांडणी शोधून काढणारे अमेरिकी नौदलाचे ‘बाँब’ यंत्र तयार झाले. सुमारे अडीच टन वजनाची अशी शंभरावर यंत्रे बनली आणि वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या महिला दलाने ती चालवली. गुपित फुटू नये म्हणून युद्धानंतर बहुतेक मोडीत काढण्यात आली. त्यांपैकी शाबूत राहिलेले एक यंत्र येथे आहे.

जपानी परराष्ट्र खात्याच्या ‘पर्पल’ यंत्राचा येथे केवळ एक तुकडा आहे. १९४५ मध्ये बर्लिनच्या जपानी दूतावासात तो सापडला. संपूर्ण यंत्र कोणाच्याच हाती लागले नाही. संग्रहातील सर्वांत बोलकी वस्तू हीच म्हणावी लागेल. विल्यम फ्रीडमन आणि फ्रँक राउलेट यांच्या पथकाने मूळ यंत्र कधीही न पाहता, निव्वळ पकडलेल्या संदेशांवरून त्याची रचना ताडली होती. त्यातील निर्णायक दुवा जेनेव्हीव ग्रोट्यान हिने सप्टेंबर १९४० मध्ये हेरला. पर्पलमध्ये २६ अक्षरांचे ६ आणि २० असे दोन गट स्वतंत्रपणे कूटबद्ध होत, ही त्याची लंगडी बाजू होती. अमेरिकनांनी प्रतियंत्रासाठी टेलिफोन केंद्रात वापरले जाणारे टप्प्याटप्प्याने सरकणारे स्विच वापरले. बर्लिनच्या तुकड्यातही चक्रांऐवजी त्याच जातीचे स्विच निघाले. बर्लिनमधील जपानी राजदूत हिरोशी ओशिमा याने टोकियोला पाठवलेले, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील जर्मन तटबंदीचे वर्णन नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी अमेरिकनांनी वाचले ते या कामामुळेच.

अमेरिकेचे स्वतःचे ‘सिगाबा’ यंत्र मात्र युद्धकाळात कोणालाही फोडता आले नाही. त्यात एकूण १५ चक्रे असत. संदेश कूटबद्ध करणारी ५ चक्रे केव्हा फिरायची हे उरलेल्या १० चक्रांवरून ठरे, त्यामुळे एनिग्माच्या चक्रांसारखी नियमित चाल शत्रूला सापडत नसे. हे यंत्र १९५९ पर्यंत वापरात होते आणि सेवेतून काढल्यावर त्याच्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या, म्हणून आज ते मोजक्याच ठिकाणी पाहायला मिळते.