बारीक टूल लावलं म्हणजे मायक्रोमशिनिंग होत नाही

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: ज्याला मोठा पार्ट जमतो त्याला इवलासाही जमतो, फक्त टूल बारीक लावायचं. हे चूक आहे आणि या समजापायी महागडी टूल्स नाहक मोडतात.

खरी मेख धारेत आहे. कार्बाइड एंडमिलची (गरगर फिरत दातांनी धातू कापणाऱ्या टूलची) धार कितीही तीक्ष्ण दिसली, तरी तिच्या टोकाला काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलाई असतेच. १० मिमीच्या टूलला एका दातामागे मिळणारा फीड (म्हणजे दर दातामागे टूल जेवढं पुढे सरकतं ते अंतर) त्याहून कितीतरी जास्त, म्हणून ती गोलाई जाणवत नाही. ०.२ मिमीच्या टूलला मात्र एखाद-दोन मायक्रॉनच फीड देता येतो. मग धातू कापला न जाता नुसता घासला जातो, बर (कडेला उरणारी धातूची खरखरीत कोर) वाढतो, टूल तुटतं. घाबरून फीड आणखी कमी केला, तर घासणं उलट वाढतं!

वेगाचंही तेच. ८,००० आरपीएमला (मिनिटाला ८,००० फेऱ्यांना) १० मिमीचं टूल मिनिटाला सुमारे २५० मीटर वेगाने कापतं, ०.२ मिमीचं जेमतेम ५. म्हणूनच हायस्पीड स्पिंडल (टूल धरून फिरवणारा मशिनचा भाग) लागतो.

आणि सांगलीच्या एप्रिलचा उकाडाही धरून चाला: १०० मिमी लांबीचं स्टील तापमान एका अंशाने वाढलं तरी मायक्रॉनभर लांबतं, म्हणजे बारीक टूलच्या एका दाताच्या फीडएवढं.