पार्श्वभूमी : चीनचे यादवी युद्ध आणि दिल्लीची भूमिका

भैय्या चौकातील, चीनमध्ये वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकामुळे, चीनच्या यादवी युद्धात भारत आरंभापासून साम्यवादी नेते माओ यांच्या बाजूने होता असा समज सोलापुरात सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात दिल्लीची भूमिका बरीच सावध होती.

१९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी, कोणा एका पक्षासाठी नव्हे. चीनच्या राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख चियांग काय-शेक आणि साम्यवादी यांनी जपानविरुद्ध तात्पुरती हातमिळवणी केली होती, म्हणूनच या पथकातील कोटणीसांना साम्यवाद्यांचे केंद्र असलेल्या येनानपर्यंत पोहोचता आले. साम्यवादी सैन्याच्या जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत चियांग सपत्नीक भारतात आले होते आणि भारतीयांच्या हाती सत्ता द्यावी, असे त्यांनी ब्रिटिशांना उघडपणे सुनावले होते. नेहरूंचा त्यांच्याशी स्नेह होता, आणि म्हणूनच पुढे माओंच्या सरकारला मान्यता देण्याचा निर्णय जड गेला असणार.

१९४६ मध्ये यादवी पुन्हा भडकली, अमेरिकेची मध्यस्थी फसली, आणि जानेवारी १९४९ मध्ये चियांग सरकारने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएत संघ यांना घातलेले साकडेही वाया गेले. नवस्वतंत्र भारत या भानगडीत पडला नाही, हे शहाणपणाचेच झाले. एप्रिलमध्ये राजधानी नानजिंग साम्यवाद्यांच्या हाती पडले आणि तेथील सरकार कँटनला हलले, तेव्हा भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर बहुतेक पाश्चात्त्य राजदूतांप्रमाणे नानजिंगमध्येच थांबले; गंमत म्हणजे पळत्या सरकारामागे कँटनला गेला तो सोव्हिएत राजदूत.

घाई नको, असे सरदार पटेलांचे मत होते. तथापि देशावर प्रत्यक्ष ताबा ज्याचा, मान्यता त्याला, या कसोटीवर भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी, ब्रह्मदेशापाठोपाठ, पेकिंगच्या (आजचे बीजिंग) साम्यवादी सरकारला मान्यता दिली आणि चियांग यांच्याशी असलेले संबंध संपवले. वर्षभराच्या आतच चिनी फौजा तिबेटात शिरल्या, आणि ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात पटेलांनी नेहरूंना चीनविषयी कडक शब्दांत सावध केले.

तरीही कसोटी बदलली नाही. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस, सीमेवर युद्ध पेटलेले असतानाही, संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा पेकिंगला मिळावी या बाजूनेच भारताने मत दिले; ती जागा त्यांना मिळायला २५ ऑक्टोबर १९७१ उजाडावा लागला.