हस्तांदोलन

हस्तांदोलन : दोन व्यक्तींनी परस्परांचा उजवा हात हातात घेऊन, बहुधा किंचित हलवून, केलेले अभिवादन. भेट, निरोप, अभिनंदन, समेट आणि करार पक्का होणे हे त्याचे नेहमीचे प्रसंग. जगभर रूढ असल्यामुळे परदेशी प्रवाशाला ते सगळीकडे सारखेच वाटते. मात्र हात आधी कोणी पुढे करावा, किती घट्ट आणि किती वेळ धरावा व कोणापुढे तो करूच नये, याचे संकेत देशोदेशी भिन्न आहेत.

उगमाविषयी मतभेद आहेत. उजवा हात रिकामा आहे, त्यात शस्त्र नाही, हे दाखविण्यासाठी ही रीत सुरू झाली, असे सर्रास सांगितले जाते. पण उपलब्ध प्राचीन पुराव्यातून या मताला फारसा आधार मिळत नाही. असिरिया या प्राचीन राज्याचा राजा तिसरा शाल्मनेसर याच्या निमरूद (आजच्या इराकमधील) येथील सिंहासनाच्या चौथऱ्यावर तो आणि बॅबिलनचा राजा पहिला मार्दुक-झाकिर-शुमी समोरासमोर उभे राहून हात मिळविताना कोरलेले आहेत. हे शिल्प इ. स. पू. नवव्या शतकातील असून त्याचा विषय दोन राजांमधील सख्य हा आहे. होमरच्या इलिअड या ग्रीक महाकाव्यात ग्लॉकस आणि डायोमिडीझ हे प्रतिपक्षांतील योद्धे रणांगणावर हात मिळवितात, तेही एकमेकांना वचन देताना.

अथेन्स परिसरातील थडग्यांच्या शिळांवर इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून हस्तमीलनाची दृश्ये वारंवार आढळतात. ग्रीक कलेच्या अभ्यासात त्यांना ‘डेक्सिओसिस’ म्हणतात. बर्लिनमधील एका शिळेवर (साधारणतः इ. स. पू. चौथे शतक) बसलेली यूआंड्रिया उभ्या असलेल्या थ्रासियसचा हात धरते. हा निरोप, की परलोकातील पुनर्भेट, की मृत्यूनंतरही न तुटणारे कुटुंबाचे नाते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिसरा अर्थ अधिक संभवनीय दिसतो, कारण या शिळांवर मृत कोण व जिवंत कोण हे पुष्कळदा ओळखू येत नाही. स्त्रियांचा असा सहभाग शस्त्राच्या उपपत्तीशी तर मुळीच जुळत नाही. रोमन नाण्यांवर व शवपेट्यांवर उजव्या हातांचे मीलन ऐक्याचे आणि विवाहाचे चिन्ह म्हणून येते. एकूण पाहता प्राचीन काळी हा विधी रोजच्या अभिवादनापेक्षा बांधिलकीचा असावा.

तो रोजचे अभिवादन केव्हा झाला, हे निश्चित सांगणे अवघड आहे. डच इतिहासकार हर्मन रोडेनबर्ग यांच्या मांडणीनुसार यूरोपात पूर्वी हस्तांदोलन मुख्यतः समेट व करार यांसाठी असे. वरिष्ठांपुढे मात्र टोपी काढून वाकण्याची पद्धत होती. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांनी कोणापुढेही टोपी काढण्यास नकार दिला व हात मिळविणे पसंत केले. प्रसाराचे सारे श्रेय त्यांना देता येणार नाही, परंतु समानतेची खूण हा अर्थ दृढ होण्यात त्यांचा वाटा असावा.

आजचे संकेत : जर्मनीत लहान बैठकीत प्रत्येकाशी स्वतंत्रपणे हात मिळवितात. रशियात उंबरठ्यावरून हात मिळविणे अशुभ मानतात. पाहुण्याने आत यावे किंवा यजमानाने बाहेर जावे. हातमोजाही काढणे अपेक्षित असते. कोरियात ज्येष्ठाशी हात मिळविताना डावा हात उजव्या हाताच्या कोपरापुढील भागाला लावतात आणि किंचित झुकतात. हात आधी ज्येष्ठानेच पुढे करायचा असतो. घाना व लायबेरियात हात सोडताना एकमेकांच्या मधल्या बोटाने चुटकी वाजविण्याची रीत आहे. अमेरिकेत घट्ट पकड आत्मविश्वासाची मानली जाते, तर आखाती देशांत पकड सौम्य असते आणि हात अधिक वेळ धरला जातो. तो घाईने सोडवून घेणे तुटकपणाचे वाटू शकते.

अनेक धर्मनिष्ठ मुस्लिम व सनातनी ज्यू परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी हस्तांदोलन करीत नाहीत. अशा वेळी छातीवर हात ठेवून केलेले अभिवादन पुरेसे असते, आणि समोरून हात पुढे आला नाही तर तो अपमान समजू नये. यूरोपात हाच मुद्दा न्यायालयांपर्यंत गेला. नागरिकत्व समारंभात अधिकाऱ्याशी हात मिळविण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला नागरिकत्व न देण्याचा निर्णय फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला. त्याच वर्षी स्वीडनच्या कामगार न्यायालयाने मात्र मुलाखतीत हात न मिळविणाऱ्या मुस्लिम उमेदवार स्त्रीच्या बाजूने निकाल दिला. डेन्मार्कने २०१९ पासून नागरिकत्वासाठी हस्तांदोलन सक्तीचे केले. २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीत ती अट स्थगित करावी लागली.